नेजाती उस्तांचा लाल दोरा

"फोटोत केस दिसले पाहिजेत," गुल्सुम म्हणाली आणि तिने हातातला कागद चहाच्या पेल्यांच्या मधोमध ठेवला. "नाहीतर नावनोंदणी नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचला खिडकी बंद होते."

रविवारची दुपार होती. नेजाती उस्तांच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली आम्ही पाच जण बसलो होतो. ते, त्यांची बायको हायरिये, मुलगी गुल्सुम, मी आणि माझी रत्ना. मधे वाटीत रत्नाने केलेली शेंगाची चटणी होती. नेजाती उस्तांना ती पावावर पसरून चहाबरोबर खायला फार आवडायची. त्यांनी तुकडा तोंडात घातला होता, तो चावायचे ते थांबले.

"मग दिसू देत," ते म्हणाले. "केसच आहेत. चोरीचा माल नाही."

"बाबा, मी रुमाल काढणार नाही."

"मग मी तुला घेऊन जाणार नाही."

"मी एकटी जाईन."

"जा की. दारावरचा पहारेकरी तुला परत पाठवील, तेव्हा बसचं परतीचं भाडंही घेऊन जा."

हायरिये उठली आणि कोणी न मागता सगळ्यांचे पेले पुन्हा भरायला लागली.

ही गोष्ट रत्ना सांगायची तेव्हा हात नाचवून सांगायची, प्रत्येकाचा आवाज काढून. मला तसं जमत नाही. रत्नाला जाऊन आता तीन वर्षं झाली. सांगायला तिच्यामागे मीच उरलोय, म्हणून जशी घडली तशी सांगतो.

मी सोलापूरचा. वामन क्षीरसागर. टॉवेलच्या मागावर जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की सुधारणारा. तुर्कस्तानात देनिझली म्हणून एक गाव आहे. सोलापूरसारखंच, घरटी टॉवेल. तिथल्या एका गिरणीला आपल्याकडची माणसं हवी होती, म्हणून मी गेलो आणि वर्षभराने रत्नाला नेलं. भाषा दोघांनाही तिथेच आली. मला मागावर, तिला शेजारणींत. तिची माझ्यापेक्षा चांगली होती.

नेजाती उस्ता आमच्या गिरणीत माल तपासायचे. उस्ता म्हणजे कसबी कारागीर. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. त्यांच्या हाताखालून गेलेला टॉवेल पसंत पडला की ते त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक छोटा टाका घालायचे. एकच, तांदळाच्या दाण्याएवढा. लाल दोरा असला की माल पास. नसला की तो टॉवेल कितीही चांगला दिसो, बाजूला जायचा. मालकाने सांगितलं तरी ते टाका घालायचे नाहीत. मालक एकदा रागावून म्हणाला होता, "नेजाती, गिरणी तुझी की माझी?" तेव्हा हे म्हणाले, "गिरणी तुमची. दोरा माझा."

आम्ही त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. गुल्सुम आम्ही गेलो तेव्हा पंधरा वर्षांची होती. आता अठराची. औषधशास्त्राला तिचा नंबर लागला होता. चार तासांवर, समुद्रकाठच्या शहरात. त्या खानदानात एवढं शिकायला निघालेलं पहिलंच माणूस.

पण त्या वर्षी तुर्कस्तानात जिकडे जावं तिकडे एकच वाद चालला होता. तिथे बहुतेक सगळी वस्ती मुसलमान. पण देश उभा करणाऱ्यांनी ठरवलेलं, की धर्म घरात आणि मशिदीत, सरकारी जागेत नाही. मग विद्यापीठात डोक्याला रुमाल बांधून येणाऱ्या मुलीला आत घ्यायचं का? आधी कुठे घ्यायचे, कुठे नाही. त्या सुमारास सरकारने दोऱ्या आवळल्या आणि दार बंदच झालं. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, गिरणीच्या डब्याच्या सुट्टीत लोक यावरून भांडायचे. एक म्हणायचा, आज रुमाल आत आला तर उद्या सगळा देश मौलवींच्या हातात जाईल. दुसरा म्हणायचा, आमच्याच देशात आमच्याच मुली बाहेर, हा कुठला न्याय? मी परका माणूस. मी चहा प्यायचो.

आणि हा वाद त्या रविवारी चालत चालत आमच्या मांडवाखाली येऊन बसला.

"मी नास्तिक आहे का?" नेजाती उस्ता मला विचारत होते, पण ऐकवत होते मुलीला. "वामन, तू सांग. मी रोजे धरतो की नाही? शुक्रवारी मशिदीत जातो की नाही?"

"जाता," मी म्हणालो.

"माझा अल्लाह माझ्या घरात आहे. त्याला सरकारी नोकरी लावून द्यायची गरज नाही."

"मी त्याला नोकरी लावत नाहीये, बाबा. मी माझं डोकं झाकतेय. देश येऊन माझ्या डोक्यावर का बसलाय?"

"कारण तुला माहीत नाही कुठून आलोत आपण!" त्यांचा आवाज चढला. मग उतरला. "माझी बहीण सबिहा. माझ्यापेक्षा हुशार. गावच्या होजाने, मौलवीने, माझ्या बापाला सांगितलं, पोरगी बारा वर्षांची झाली, आता शाळेत पाठवणं पाप. बापाने काढली. ती दारामागे उभी राहून माझे धडे ऐकायची. मी चुकलो की दारामागून बरोबर उत्तर यायचं. मला त्या माणसांचं राज्य नको. तुझा रुमाल बघितला की मला तो होजा दिसतो."

गुल्सुम हळूच म्हणाली, "आत्याला होजाने काढलं. मला पहारेकरी काढतोय. शाळेबाहेर दोघीही, बाबा."

नेजाती उस्ता उठले आणि आत गेले. चटणी लावलेला पाव तसाच राहिला.

थोड्या वेळाने गुल्सुमने रत्नाकडे पाहिलं. "आब्ला, तुम्ही बाबांसमोर साडी डोक्यावरून घेता. तुम्हाला कोणी काही म्हणत नाही." आब्ला म्हणजे मोठी बहीण, ताई.

"अगं, मी घेते ते मोठ्या माणसाचा मान म्हणून. माझ्या देवाला काही पडलेली नाही," रत्ना म्हणाली. "आणि मला कुठे औषधं विकायचीत?"

हायरिये हसली. त्या दुपारी तेवढंच हसणं झालं.

वर आल्यावर रत्नाने पलंगाखालची ट्रंक ओढली. मी विचारलं, "काय शोधतेस?" तळातून तिने मलमलीत गुंडाळलेली दोन गंगावनं काढली आणि एक कापडी पिशवी.

तिचे केस किती होते ते काय सांगू. लग्नात तिची वेणी बघून माझी आत्या म्हणाली होती, एवढं ओझं घेऊन पोरगी सप्तपदी चालेल का? तिच्या आईने लहानपणीच शिकवलेलं, की विंचरताना गळलेला एकही केस टाकायचा नाही. गुंडाळी करून ठेवायची. त्या केसांची सोलापूरच्या एका बाईकडून तिने लग्नाआधी एक आणि नंतर एक अशी गंगावनं करून घेतली होती. सणासुदीला वेणीत घालायची. देनिझलीच्या पाण्यात चुना फार, तिथे तिचे केस जास्तच गळले. ते सगळे त्या पिशवीत होते.

"काय करायचंय?" मी विचारलं.

"टोप."

मला एकदम कळलं. त्या दिवसांत मुली असं करायच्या. रुमाल घट्ट बांधायच्या आणि वरून खोट्या केसांचा टोप चढवायच्या. बाहेरून पाहिलं तर डोकं उघडं. पण बाजारात मिळायचे ते नायलॉनचे, उन्हात चमकायचे. पहारेकऱ्यांची नजर आता सरावली होती. चमकलं की परत.

"रत्ना, आपण इथे पोटासाठी आलोय. सरकारचा कागद आहे आपल्याकडे. उद्या कोणी म्हटलं, या परदेशी बाईने मुलीला फूस लावली..."

"मी फूस लावत नाहीये. केस देतेय."

"हे राजकारण आहे."

"असेल," ती म्हणाली. "मला अप्पांनी मॅट्रिकनंतर कॉलेजला पाठवलं नाही, तेव्हा ते काय होतं? राजकारण नव्हतं. तिथे मुलं असतात, एवढंच म्हणाले. माझं नर्सिंग राहिलं ते राहिलंच."

इतक्या वर्षांत तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी ट्रंक परत पलंगाखाली सरकवली.

सोमवारी तिने गुल्सुम आणि हायरियेला वर बोलावलं. गुल्सुमने केसांना हात लावला आणि मागे घेतला.

"आब्ला, वाईट वाटून घेऊ नका. आमच्यात दुसऱ्याचे केस आपल्या केसांना जोडणं बरं मानत नाहीत."

"जोडायचे कुठे आहेत? मधे तुझा रुमाल आहे ना! तुझे केस वेगळे, माझे वेगळे. एकमेकांना बघणारसुद्धा नाहीत."

गुल्सुमने विचार केला. "टोपीसारखं."

"टोपीसारखंच."

"मी इमामांना विचारून येऊ का?" हायरिये उठत म्हणाली.

"आई, बस! विचारलंस आणि ते नको म्हणाले तर ऐकावं लागेल."

हायरिये खाली बसली. तिघींनी दोन दिवस शिवलं. गंगावन उसवून त्याच्या बारीक लडी केल्या, पिशवीतले केस सोडवून त्यांत मिसळले आणि एका विणलेल्या टोपीवर ओळीने टाके घातले. मंगळवारी संध्याकाळी मी गिरणीतून आलो तर स्वयंपाकघरात गुल्सुम तो टोप घालून खुर्चीवर बसली होती. खरं सांगायचं तर डोक्यावर कावळा बसल्यासारखं दिसत होतं. एका बाजूला केस दाट, दुसऱ्या बाजूला टोपी दिसतेय, आणि मान हलवली की सगळं कानावर यायचं.

"कसं आहे?" रत्नाने विचारलं.

"बरं आहे," मी म्हणालो.

"अहो, खरं सांगा."

तेवढ्यात दार वाजलं आणि नेजाती उस्ता आत आले. त्यांच्या हातात चटणीची रिकामी वाटी होती. रिकामी म्हणजे तिच्यात अक्रोड भरले होते. भांडं तसंच परत द्यायचं नाही ही रीत तिकडेही आहे.

गुल्सुम उभी राहिली. टोप कानावर सरकला.

नेजाती उस्तांनी वाटी खाली ठेवली. मुलीपाशी गेले. मला वाटलं आता हात उचलतात. त्यांनी हात उचलला, टोप तिच्या डोक्यावरून काढला आणि खिडकीपाशी उजेडात नेला. उलटा केला. आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. दोन केस ओढून पाहिले. ते लगेच हातात आले.

"हे कोणी शिवलं?"

"मी," रत्ना म्हणाली. तिने पदर डोक्यावर घेतला होता.

"रत्ना हानम," ते म्हणाले. हानम म्हणजे बाईसाहेब. "तुमची चटणी फार चांगली असते."

हायरियेला हसू आवरेना. मग रत्नाला. गुल्सुम मात्र बापाकडे बघत राहिली.

"पहिल्या वाऱ्यात उडेल," ते म्हणाले. "समुद्रकाठचं गाव आहे. तिथे वारा असतो." आणि टोप घडी करून त्यांनी कोटाच्या खिशात घातला आणि निघून गेले. तो फाडायला नेला की कशाला, कोणालाच कळलं नाही.

बुधवारी डब्याच्या सुट्टीत त्यांनी मला तपासणीच्या खोलीत बोलावलं. टेबलावर टोपाचं सगळं उसवून ठेवलं होतं. शेजारी टॉवेलचं पायाचं कापड, फाशांशिवाय विणलेलं, मऊ आणि घट्ट.

"ताण धर," ते म्हणाले.

मी कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. ते आकडीच्या सुईने केस ओवायला लागले. खालच्या ओळीपासून वर, कौलं घालतात तशी, प्रत्येक ओळ खालच्या ओळीचा टाका झाकील अशी. थोडे केस घ्यायचे, फासा करायचा, कापडातून ओढायचा, आवळायचा. माझ्या आयुष्यात मी चांगले हात खूप पाहिले. तसे कमी.

टॉवेल ज्याने विणला नाही त्याला सांगतो. टॉवेलात ताणे दोन असतात. एक ताठ, एक सैल. ताठ ताण्याने कापड उभं राहतं. सैल ताण्याचे फासे होतात आणि पाणी तेच टिपतात.

"नुसता ताठ ठेवला तर काय होतं?" त्यांनी एकदम विचारलं.

"चादर होते," मी म्हणालो. "पाणी टिपत नाही."

"आणि नुसता सैल?"

"चिंधी."

ते काही वेळ ओवत राहिले. "आम्ही या देशात सत्तर-पंचाहत्तर वर्षं एकच ताणा आवळत बसलो," ते म्हणाले. "मीसुद्धा. आणि आता दुसरे येतील, ते त्यांचा आवळतील. माग कोण बघतो?"

"म्हणजे तुम्हाला तिचं पटलं?"

"मला काहीही पटलेलं नाही." त्यांनी दाताने दोरा तोडला. "शिवण वाईट होती. ती नीट करतोय. ताण धर."

गुरुवारी दुपारी काम झालं. संध्याकाळी त्यांनी टोप मुलीसमोर ठेवला. तिने रुमाल आवळला आणि वर तो चढवला. रत्नाच्या तरुणपणीचे केस त्या पोरीच्या खांद्यावर उतरले होते. रत्नाने तोंडाला पदर लावला.

गुल्सुमने टोप काढला आणि उलटा केला. आतून सगळीकडे बोट फिरवलं. पुढे, मागे, कडेने. ती काय शोधतेय ते सगळ्यांना कळलं. सहा वर्षांची असल्यापासून ती बापाच्या मालात लाल दोरा शोधत आली होती.

नव्हता.

"मी फक्त शिवलाय," नेजाती उस्ता म्हणाले. "पास केलेला नाही."

"बरं, बाबा," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पडला.

तेवढ्यात फोटोवाला बंद व्हायची वेळ झाली म्हणून रत्ना तिला घेऊन धावली. शुक्रवारी पहाटेच्या बसने बापलेक गेले. मी बरोबर येऊ का असं विचारलं होतं. ते म्हणाले, "तू कशाला? माझी मुलगी आहे."

त्या दिवशी गिरणीत माझे दोन माग माझ्याच चुकीने बंद पडले. घरी रत्नाने भाजीत मीठ दोनदा घातलं. हायरिये जिन्यावर बसून होती. अंधार पडता पडता फाटक वाजलं. गुल्सुम पुढे होती. टोप तिच्या पिशवीत, डोक्यावर नुसता रुमाल. तिच्या हातात विद्यापीठाचं कार्ड होतं. तिने ते आधी आईला दाखवलं नाही, रत्नाला दाखवलं. बायका रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या.

मी नेजाती उस्तांना विचारलं, "दारावर काय झालं?"

ते बूट काढत होते. "पहारेकऱ्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं."

"मग?"

"वारा होता," ते म्हणाले. "हललं नाही."

एवढंच. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. पहिल्या नंबरचा माल जहाजात चढल्यावर असायचा तसा होता.

पुढच्या वर्षी आमचा करार संपला आणि आम्ही सोलापूरला परत आलो. पत्रं यायची, मग फोन. गुल्सुम शिकली, सरकारी इस्पितळात औषधं द्यायला लागली, लग्न झालं, मुलगी झाली. सरकारी नोकरीतही रुमाल चालत नव्हता, म्हणून तिथेही टोप. रोजच्या वापराला तिने बाजारातले घेतले. रत्नाच्या केसांचा टोप फक्त मोठ्या दिवसांना. परीक्षा, मुलाखत, नोकरीचा पहिला दिवस.

पंधरा वर्षांनी तिथला नियम बदलला. त्याच हिवाळ्यात रत्नाला कॅन्सर निघाला.

औषधांनी दोन महिन्यांत तिचे केस गेले. सगळे. ती आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. गुल्सुमचा फोन आला तेव्हा मात्र हसून म्हणाली, "तुझ्या बाबांच्या नापास टॉवेलासारखं डोकं झालंय बघ. फासे सगळे गळले."

वीस दिवसांनी पार्सल आलं. वर एक टॉवेल, मग अक्रोड, खाली मलमलीत गुंडाळलेला टोप. चिठ्ठी तुर्की भाषेतली, मीच वाचून दाखवली.

"आब्ला, तुमचे केस तुम्हाला परत पाठवतेय. जपून वापरले. आता मी रुमाल बांधून कामावर जाते, गेल्या महिन्यापासून. टोप लागत नाही. बाबांनी आतून नवीन मऊ अस्तर लावलं आहे, उघड्या डोक्याला टोचू नये म्हणून. मागच्या बाजूला, मानेपाशी, एक लाल दोरा आहे. तो काढू नका. मी शिकायला गेले त्याच्या पहिल्या सुट्टीत बाबांनी तो घातला. मी आतल्या खोलीत नमाज पढत होते, टोप बाहेर खुंटीवर होता. नमाज झाल्यावर बघते तर दोरा. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही."

रत्नाने टोप उलटा केला आणि मानेपाशी बोट फिरवलं. तिच्या बोटाला तो लागला. तांदळाच्या दाण्याएवढा.

तिने आरशावरचा टॉवेल काढला. टोप घातला. तिचेच केस, पण काळे कुळकुळीत, तिशीतले. मी साठीला आलेला.

"अहो, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. "म्हातारा कोणाला घेऊन फिरतोय!"

संध्याकाळी आम्ही सिद्धेश्वर तळ्यावर गेलो. इस्पितळ सोडलं तर दोन महिन्यांत ती पहिल्यांदा घराबाहेर पडली. तळ्याच्या कठड्यावर बसलो, शेंगा खाल्ल्या. तिने पदर डोक्यावरून घेतला नाही. केस दिसावेत म्हणून.

घरी येऊन नेजाती उस्तांना फोन लावला. ते आता सत्तरीच्या पुढे होते, ऐकायला कमी यायचं, त्यामुळे ओरडूनच बोलायचे.

"नियम बदलला म्हणून खूश असाल," मी म्हणालो.

"कसला खूश! आता मला दुसरी काळजी. उद्या हेच लोक रुमाल न बांधणारीला अडवतील."

मागून गुल्सुमचा आवाज आला. "तसं झालं तर त्या दारात मी उभी राहीन, बाबा!"

"ऐकलंस, वामन?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली फुशारकी दोन समुद्र ओलांडून आली. मग त्यांनी आवाज खाली आणला. म्हणजे त्यांना वाटलं की आणला. "रत्ना हानमना सांग, आत मानेपाशी एक दोरा आहे. मी घातलेला. फार जुना. तिला, आमच्या मुलीला, माहीत नाही. सांगू नका हं."

फोनवर तिकडे गुल्सुम शेजारीच उभी होती, हे उघड होतं. इकडे रत्ना तोंडात पदर कोंबून हसत होती.

"नाही सांगत," मी म्हणालो.

रत्ना त्यानंतर दीड वर्ष होती. भाचीच्या लग्नात तो टोप घालून मिरवली. तो टोप अजून माझ्याकडे आहे. कपाटात, मलमलीत.

पण त्या दिवशी फोन ठेवण्याआधी नेजाती उस्तांनी आणखी एक विचारलं होतं.

"बाहेर घालून गेल्या का?"

"गेलो होतो. तळ्यावर."

"वारा होता?"

"होता," मी म्हणालो. "हललं नाही."